सुती बाणा

‘मशरू’ हा शब्द हल्ली समजावून सांगावा लागतो. आमच्या उर्दू शाळेतल्या नववीच्या मुलींना विचारला, तर एकीनं ‘मशरूम?’ असं उलट विचारलं. शब्द अरबी आहे. शरियतनं ज्याला परवानगी दिली ते मशरू. पुरुषानं अस्सल रेशीम अंगाला लावू नये ही मनाई सगळ्यांना ठाऊक. पण दरबारात जायचं, निकाहाला बसायचं, तर रेशमाची झळाळी हवीच! तेव्हा विणकरांनी वाट काढली. उभे धागे, म्हणजे ताणा, रेशमाचा घ्यायचा आणि आडवे धागे, म्हणजे बाणा, सुताचा. वीण साटीनची. मग वरून रेशीम चकाकतं आणि अंगाला लागतं ते सूत.

ही काही नुसती पळवाट नव्हे. हनफी फिकहमध्ये यावर बारीक विचार झालेला आहे. ताणा रेशमी असला तरी चालेल, बाणा मात्र दुसऱ्या कशाचा तरी हवा, असं तिथं सांगतात. कारण काय, तर ताणा हा नुसता मागावर ताणून ठेवलेला दोरा आहे. कापड कापड होतं ते विणल्यानं, आणि विणणं म्हणजे बाणा. कोकणातल्या आमच्या शाफई मित्रांकडे हिशेब वेगळा, तिथं वजन पाहतात, रेशीम जास्त की सूत जास्त. (यावरून आमच्या स्टाफरूममध्ये एकदा अख्खी मधली सुट्टी वाद रंगला होता आणि चहा निवून गेला होता.) आम्हाला हनफींचा युक्तिवाद आवडतो तो दुसऱ्याच कारणानं. चमकणारा धागा कुठलाही असो, कापडाचं काय ते ठरतं धोटा फेकणाऱ्या हातावर. बाणा या शब्दाला मराठीत आणखी एक अर्थ आहे, तो इथं सांगायला नको.

आमचं आजोळ विणकरांचं. घरात उर्दूत ‘हम’ म्हणायची सवय, म्हणून मराठी लिहितानाही ‘आम्ही’च येतं, आणि या गोष्टीत तर एकटं असं कुणी नाहीच. नाना हिमरू विणायचे, त्यांचे वडीलही तेच. शहर औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली, पण विणकामाची कथा त्याच्याही मागं नेतात. मुहम्मद तुघलकानं १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली तेव्हा दिल्लीकडून कारागीरही आले, असं आमच्या मोहल्ल्यातला प्रत्येक म्हातारा छातीठोकपणे सांगतो. जणू काही तो स्वतः त्या काफिल्यात होता!

हिमरू म्हणजे किनखाबाचा गरीब भाऊ. किनखाबात सोन्याचांदीची जर, ती राजेरजवाड्यांना परवडायची. हिमरूत जर नाही. ताणा सुताचा, जमिनीचा बाणाही सुताचा आणि नक्षीपुरता रेशमाचा जादा बाणा. फार्सी ‘हम’ आणि ‘रू’, म्हणजे सारख्या चेहऱ्याचा, अशी शब्दाची फोड करतात. नक्षीचे जादा धागे कापडाच्या पाठीवर मोकळे सोडलेले असतात. त्यामुळे हिमरूची शाल उलटी केली की पिंजारलेल्या केसांसारखी दिसते, आणि त्यामुळेच ती ऊबही देते. शाल घेताना आधी उलटी बाजू बघायची, हे आम्हाला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून माहीत.

नानांच्या वडिलांच्या काळी जाल्याचा माग होता. त्याला दोन माणसं लागायची. एक खड्ड्यात पाय सोडून विणणारा, दुसरा नक्षीचे दोरे ओढणारा. हा दुसरा बहुतेक वेळा घरातलाच पोरगा. पुढं जकार्ड आलं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागाच्या वर फिरू लागली आणि दोरे ओढणाऱ्या पोराची सुटका झाली. आमचे मामू सातवीपर्यंत शिकले ते या पुठ्ठ्यांच्या मेहेरबानीनं.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं. १९४९ ला जहागिऱ्या गेल्या. जुलमी जहागीरदारीसाठी रडायचं आम्हाला कारण नाही. पण हिमरूची शेरवानी शिवणारं गिऱ्हाईक त्या जहागिरींबरोबरच गेलं, हा हिशेबही खरा आहे. नंतर आधार झाला तो अजिंठा-वेरूळ बघायला येणाऱ्या प्रवाशांचा. १९८३ मध्ये दोन्ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत आली आणि शालींना मागणी वाढली. पण मागणी वाढली की यंत्र येतं. यंत्रमागावरची तशीच दिसणारी शाल काही शेकड्यांत मिळू लागल्यावर हातमागाची कोण घेणार? रेशीमही महागलं. त्याच्या जागी आर्टसिल्क, म्हणजे व्हिस्कोस आलं. गुजरातेत पाटण आणि कच्छमधल्या मांडवीत मशरू अजून विणतात, तिथंही पुष्कळसा ताणा आता व्हिस्कोसचाच. म्हणजे रेशीमही गेलं, मनाईही गेली आणि त्या मनाईतून काढलेल्या वाटेचं फक्त नाव तेवढं उरलं.

नानांच्या घरात चार माग होते. आम्ही बी.एड. होईपर्यंत दोन उरले. आता एक. मामूंचा मुलगा वाळूजच्या कारखान्यात पाळ्या करतो. त्याला दोष देणार कोण? महिन्याच्या महिन्याला पगार येतो.

आता पुण्याच्या बाजाराची गोष्ट.

डिसेंबरच्या सुट्टीत एका लग्नासाठी आम्ही पुण्याला गेलो होतो. नात्यातल्या मुलींनी आग्रह करून एका बाजारात नेलं. शनिवार-रविवार भरणारा, हातानं केलेल्या वस्तूंचा. मोठी झाडं, झाडांना कागदी कंदील, गवताच्या पेंढ्यांवर बसायची सोय. जुन्या साड्यांच्या पिशव्या, केळीच्या सोपाच्या धाग्यांच्या चटया, मातीचे कानातले, नैसर्गिक रंगात छापलेले कुर्ते, फाटक्या जीन्सची दप्तरं. जो तो एकच शब्द बोलत होता, ‘सस्टेनेबल’. आम्ही मनात उर्दूत भाषांतर करत होतो आणि शेवटी अम्मीचा शब्द सापडला, ‘टिकाऊ’. अम्मीनं ईदचा एक जोडा आम्हा तीन बहिणींना एकामागून एक घातला, मग त्याची उशी झाली, मग दुलईत गेला, मग पायपुसणं. तिला कुणी त्याबद्दल कंदील लावून स्टॉल दिला नाही. पण हे कुचेष्टेनं म्हणत नाही. तरुण पोरं पैसे मोजून विचारताहेत, की हे कशाचं केलं, कुणी केलं, किती दिवस टिकेल, धुतल्यावर पाण्यात काय जाईल. अशा गिऱ्हाइकाची वाट बघत नानांचे डोळे मिटले.

एका स्टॉलवर स्टोल टांगले होते. त्यातल्या एकापाशी आम्ही थबकलो. मोतिया रंगावर विटकरी बुट्टे, आणि डाव्या काठात एकच हिरवा धागा. तो हिरवा धागा नानांची खूण. चार माग चालायचे तेव्हा कुठला थान आपल्या घरचा हे ओळखायला त्यांनी तो घातला आणि मामूंनी तो चालू ठेवला. आम्ही हात लावला, उलटं करून पाहिलं. मामूंचंच! मामू कुणा पुण्याच्या बाईंसाठी विणतात एवढं माहीत होतं, बाजार पहिल्यांदा पाहिला.

कापडाला जाड खाकी कागदाची चिठ्ठी होती. तिच्यावर इंग्रजीत छापलेलं. दख्खनच्या एका उस्ताद विणकरानं हातमागावर विणलेलं, शेकडो वर्षांचा वारसा, निसर्गाला न दुखावणारं. खाली कंपनीचं नाव, बाईंचं नाव, इन्स्टाग्रामचा पत्ता. किंमत ५,२०० रुपये.

शिक्षकाला हिशेबाची खोड असते. एका स्टोलला मामूंना मिळायचे १,६०० रुपये, सूत बाईंचं. मागावर पूर्ण चार दिवस. म्हणजे दिवसाला ४००. त्याआधी मुमानीचा एक दिवस नऱ्या भरण्यात जातो, तो धरला तर आणखी कमी. आमच्या मोहल्ल्यातला बांधकामावरचा बिगारीही याहून जास्त घेतो. शिवाय पैसे मिळायचे माल विकल्यावर, कधी दोन महिन्यांनी, कधी चार. घामाची आणि मजुरीची हदीस लहानपणी सगळ्यांनीच पाठ केलेली असते. ती मालकाला सांगायची हिंमत मजुराला होत नाही.

आम्ही ओळख सांगितली. बाई खरोखर आनंदल्या. आमच्याच वयाच्या असतील. खुर्ची दिली, चहा मागवला, ‘चाचांचा हात म्हणजे काय सांगू’ म्हणाल्या. आम्ही हिशेब विचारला, तेव्हा त्याही रागावल्या नाहीत. त्यांनी वही पुढं केली. दोन दिवसांच्या जागेचं भाडं १४,००० रुपये. सूत, शिलाई, फोटो, कर, येणं-जाणं. दहा स्टोल आणले की दोन बाजारांत मिळून चार जायचे, बाकीचे सहा कपाटात. वही खोटी नव्हती. ५,२०० मधले १,६०० वजा करून उरलेले सगळे बाईंच्या पर्समध्ये जातात, असं म्हणणं सोपं आहे पण बरोबर नाही. बाजार मांडणाऱ्याचं भाडं, न खपलेल्या मालाचं ओझं, हे सगळं त्या किमतीत बसलेलं असतं. फरक इतकाच, की न खपलेल्या सहा स्टोलांचं ओझं बाईंच्या कपाटावर जेवढं होतं तेवढंच मामूंच्या किराणा दुकानाच्या उधारीवरही होतं, आणि ते वहीत कुठं लिहिलेलं नव्हतं.

मग आम्ही चिठ्ठीबद्दल विचारलं. यात तुमचं नाव आहे, चाचांचं का नाही?

बाई क्षणभर गप्प झाल्या. म्हणाल्या, ‘असं कधी कुणी विचारलंच नाही. आणि सगळेच असं लिहितात ना.’

त्यांचं म्हणणं खरंही असेल. पण परत येताना बसमध्ये एक गोष्ट मनातून जाईना. नाव वेगळं असतं, चिठ्ठीवर शोभेल असं काही असतं, तर लिहिलं असतं का? वाचकांपैकी ज्यांनी कधी भाड्यानं घर शोधलं आहे त्यांना हा प्रश्न का येतो ते सांगायची गरज नाही. ‘दख्खनचा उस्ताद’ म्हटलं की कानाला गोड लागतं, इतिहास असल्यासारखं वाटतं आणि तो माणूस आज कुठल्या गल्लीत राहतो हे बोलावं लागत नाही. बाईंच्या मनात असं काही होतं असा आमचा आरोप नाही. विचार आला, एवढं खरं.

ही नाव विचारायची गोष्ट जगात नवी नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार इथं राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. १,१३४ माणसं गेली, बहुतेक शिलाई कारखान्यांतल्या बाया आणि पोरी. युरोप-अमेरिकेतल्या दुकानांसाठी त्या कपडे शिवत होत्या. त्यानंतर तिकडे लोक आपल्या कॉलरमागची पट्टी दाखवून कंपन्यांना विचारू लागले, की माझे कपडे कुणी केले? आज पुण्यामुंबईच्या बाजारांतून जो ‘सस्टेनेबल’ शब्द फिरतो, त्याला त्या ढिगाऱ्यामुळंच जोर आला. शब्द इथपर्यंत पोचला, प्रश्न मात्र वाटेत कुठं तरी उतरला.

आणि अगदी अलीकडचं, जून २०२५. मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडानं हुबेहूब कोल्हापुरी वाटाव्यात अशा चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. आपल्याकडे गदारोळ झाला, कंपनीनं भारतीय चपलांवरून घेतल्याचं कबूल केलं आणि डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. मामूंना आम्ही ही बातमी वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘कोल्हापूर का नाम आया, अच्छा हुआ. चप्पल बनानेवाले का फिर भी नै आया.’

पुण्याचा सगळा वृत्तांत घरी सांगितल्यावर मामू शांतपणे पान लावत बसले. किंमत ऐकून मुमानीचा हात तोंडावर गेला. मामूंना किमतीचं काही वाटलं नाही. त्यांनी आयुष्यभर व्यापारी पाहिलेत. नावाचं तर हसूच आलं. ‘नाम का क्या अचार डालना है? उनकू बोलो पैसे टैम पे दे.’

पण त्यांची धाकटी लेक उसळली. बारावी झाली, आता मुक्त विद्यापीठातून बी.ए. करते. आम्हाला आपा म्हणते आणि ऐकत मात्र नाही. ती म्हणाली, ‘अब्बा, नावाशिवाय पैसे वेळेवर येतच नाहीत. ज्याचं नाव नाही, त्याला बदलता येतं. उद्या दुसरा विणकर मिळाला की चिठ्ठी तीच राहील.’

एम.ए.च्या वर्गात ऐकलेलं सगळं अर्थशास्त्र आम्हाला त्या एका वाक्यापुढं पातळ वाटलं.

या मुलीची हकिकत थोडी सविस्तर सांगायला हवी. आमच्याकडे बायका विणत नाहीत, असं म्हणायची रीत आहे. म्हणजे मागावर बसत नाहीत. सूत उकलणं, रहाटावर नऱ्या भरणं, तुटलेला धागा जोडणं, ताणा लावताना धागे मोजून हातात देणं, हे सगळं त्यांचंच. पण मागावर बसतो तो विणकर, बाकी घरकाम! नानी पन्नास वर्षं नऱ्या भरत होती आणि रेशनकार्डावर तिच्या नावापुढं ‘गृहिणी’.

दोन वर्षांपूर्वी मामूंचे गुडघे गेले. खड्ड्यात उतरता येतं, पण पावड्या दाबून दाबून संध्याकाळी उठता येत नाही. तेव्हा धाकटी म्हणाली, मी बसते. मामू म्हणाले, लडकी जात, ताणा तोडेगी. तिनं मोबाइलवर शोधून दाखवलं, की २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातले ३५ लाख २२ हजार हातमाग कामगार मोजले, त्यांतल्या ७२ टक्के बायका आहेत. मामूंनी चष्मा लावून आकडा पाहिला आणि म्हणाले, ‘वो सब आसाम में होंगे.’ आता गंमत अशी, की यात ते अगदीच चूक नव्हते. ईशान्येकडे घरोघरी बायकाच विणतात आणि आकड्यातला मोठा वाटा तिकडचाच. पण धाकटीनं विचारलं, ‘आसाम की लडकी के हाथ अलग होते क्या?’ याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

मुमानीनं मध्यस्थी केली. दुपारी मामू नमाजला आणि नंतर आडवे व्हायला गेले की तेवढा वेळ मुलीनं बसायचं. पहिला महिना साधं सूत. काठ कधी आत ओढला जायचा, कधी सैल. धोटा एका लयीत गेला पाहिजे, फणीचा ठोका सारख्या ताकदीचा पाहिजे, नाही तर कापडात पट्टे उमटतात. मामू आत पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून सांगायचे, ‘बायां हाथ हलका!’ शिकवत नाही म्हणणारा माणूस शिकवत होता. चौथ्या महिन्यात तिनं बुट्टा काढला. मामूंनी तो उलटा करून पाहिला, पाठीवरचे मोकळे धागे बोटांनी चाचपले आणि काही न बोलता तिला हिरव्या धाग्याची नरी दिली.

पुण्याच्या बाई फेब्रुवारीत घरी आल्या. आम्ही त्यांना बोलावलं होतं. वाटाघाटी आम्हीच करायच्या असं ठरलं, कारण मामूंना पाहुण्यासमोर पैशाचं बोलायला लाज वाटते. (ही लाज आपल्या कारागिरांना किती महाग पडली याचा हिशेब कुणी तरी करायला हवा.) आमच्या तीन गोष्टी होत्या. ऑर्डर देताना निम्मा बयाना. बाकी निम्मे माल हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत, विको वा न विको. आणि दर स्टोलला २,४००. बाईंनी पहिली ताबडतोब मान्य केली. दुसरीवर फार वेळ गेला. न खपलेल्या मालाची जोखीम मी एकटीनं का घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. धाकटी पडद्याआडून नव्हे, समोर बसून म्हणाली, ‘ताई, नक्षी तुम्ही निवडता, रंग तुम्ही निवडता. मग न खपण्यात आमचा वाटा किती?’ बाईंना हसू आलं. मग पंधराचे तीस दिवस झाले आणि २,४०० चे २,२०० झाले. कमी संख्येनं विणायचं, आधी मागणी घ्यायची, असंही ठरलं. त्यात दोघांचंही भलं होतं.

राहिलं नाव. बाई तयार होत्या. त्या दिवशीच्या प्रश्नानंतर त्यांनीही विचार केला होता, असं त्या म्हणाल्या. या वेळी मामूच अडले. आम्हाला वाटलं, जुनाच अचाराचा मुद्दा येणार. पण ते म्हणाले, ‘मेरे अकेले का नाम लिखना झूट है. नरी इसकी माँ भरती. आधा अब ये बुनती. मेरा लिखे तो इन दोनों का भी लिखो, नै तो किसी का नक्को.’

खोलीत कुणी बोललं नाही. मुमानी चहाचे कप उचलून आत निघून गेली. बाईंनी डायरी काढली आणि तीन नावं लिहून घेतली. स्पेलिंग धाकटीनं सांगितलं.

या सगळ्याला अजून वर्ष व्हायचंय. इतर बाजारांतही आम्ही डोकावून आलो. अल्पसंख्याक मंत्रालयाचे हुनर हाट २०१६ मध्ये सुरू झाले, त्यांतून मोहल्ल्यातले दोघे-तिघे आपला माल विकून आले होते. मुंबईचं महालक्ष्मी सरस, पुण्याची भीमथडी जत्रा, तिथं बचत गटांच्या बाया स्वतः स्टॉलवर बसतात. भाकरी थापत, पापड विकत, कापडाची घडी मोडून दाखवत. बोलीचाली सगळ्या महाराष्ट्राच्या. तिथं गिऱ्हाइकाला कुणी केलं हे विचारावं लागत नाही, करणारी समोरच असते. मात्र बुरखा घातलेली विक्रेती आम्हाला फार थोड्या ठिकाणी दिसली. आपल्या वस्त्यांतले बचत गट कर्ज घेतात, फेडतात, पण माल घेऊन परगावी जायचं म्हटलं की घरची परवानगी आड येते. चार दिवस बाहेर राहायचं, कोण सोबत येणार, कुठं उतरायचं? मामूंनी धाकटीला सोडलं, ते आम्ही सोबत जाणार या अटीवर. आमच्या किरकोळ रजा त्यात संपल्या.

ऑक्टोबरच्या बाजारात ती बाईंच्या स्टॉलवर दोन दिवस उभी होती. पहिल्या दिवशी आवाजच फुटेना. दुसऱ्या दिवशी एक आजोबा आले. स्टोल हातात घेऊन म्हणाले, ‘हे मशीनवरचं नाही कशावरून?’ तिनं स्टोल उलटा केला, पाठीवरचे धागे दाखवले, ठोका कमी-जास्त कुठं पडलाय ते दाखवलं आणि एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, ‘इथं धागा तुटला होता, मी जोडला. अब्बा रागावले होते.’ आजोबांनी चष्मा काढून ती जागा पाहिली. चिठ्ठी वाचली. ‘यातलं तुझं नाव कुठलं?’ विचारलं. तिनं दाखवलं. त्यांनी स्टोल घेतला, घासाघीस न करता. त्याच दिवशी दुसऱ्या एका बाईंनी चिठ्ठी वाचून स्टोल परत दांडीवर टाकला, तेही आम्ही पाहिलं. किंमत वाचून टाकला की नावं वाचून, ते सांगता येत नाही. धाकटीनं स्टोलाची घडी सरळ केली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

कार्यानुभवाच्या तासाला आम्ही नववीच्या मुलींना मामूंच्या घरी नेलं. तिसांपैकी सात मुलींच्या घरात पूर्वी माग होता, हे तिथं गेल्यावर कळलं. वर्गात त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं. बाप काय करतो या रकान्यात ‘मजुरी’ लिहितात.

आता नवीन काम आलं आहे. बाईंच्या एका गिऱ्हाइकाला मुलाच्या लग्नासाठी शेरवानीचं कापड हवंय. अस्सल मशरू, ताणा खऱ्या रेशमाचा. मामूंनी वीस वर्षांत खरं रेशीम मागावर चढवलेलं नाही. नवरामुलगा आपल्यातला नाही, त्याला मनाई नाही की सवलतीची गरज नाही, तरी मशरूच हवं म्हणतो. मामूंना याची मोठी मौज वाटते. त्यांनी आम्हाला रेशमाचा किलोचा भाव काढायला सांगितलं आहे. धाकटी जुन्या फणीची घरं मोजून ताण्याला किती धागे लागतील याचा हिशेब करते आहे, तिचा आकडा आणि मामूंचा आकडा जुळत नाही. मजुरी अजून ठरलेली नाही. बाई म्हणतात, मीटरवर घ्या; मामू म्हणतात, दिवसावर.